काचेतला ऑक्टोपस: मेसिनाच्या झानची गोष्ट

घरातल्या काचेच्या टाकीत ऑक्टोपस पाळता येतो का, हा प्रश्न आजच्या हौशी मत्स्यपालकाला पडतो तेव्हा तो पंप, गाळणी आणि खाऱ्या पाण्याचा प्रश्न असतो. सुमारे १९० वर्षांपूर्वी सिसिली बेटावरील मेसिना शहरात एका स्त्रीपुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा सागरी प्राणी जिवंत ठेवून त्यांचे निरीक्षण करता येईल अशी काचेची टाकीच बाजारात नव्हती. तिने ती स्वतः आखली आणि करवून घेतली. त्या टाकीच्या साहाय्याने तिने ॲरिस्टॉटलच्या काळापासून लोंबकळत पडलेला एक वाद निकाली काढला. ही स्त्री ना कुठल्या विद्यापीठाची पदवीधर होती, ना कुठल्या सरदार घराण्यातली. ती शिवणकाम करणारी होती.

झान व्हिलप्रो हिचा जन्म १७९४ मध्ये फ्रान्सच्या कोरेझ भागातील झुइयाक या लहानशा गावी, एका सामान्य कुटुंबात झाला. लिहिण्यावाचण्यापलीकडे तिचे शिक्षण फारसे झाले नव्हते. अठरा वर्षांची असताना ती पॅरिसला निघाली, आणि चारशेहून अधिक किलोमीटरचा हा प्रवास तिने पायी केल्याचे सांगितले जाते. पॅरिसमध्ये तिला कपडे शिवणाऱ्या एका बाईकडे हाताखालचे काम मिळाले. हात कसबी होता. १८१६ मध्ये बेरीच्या ड्यूकशी विवाह करणाऱ्या राजकन्या मारी-कॅरोलिन हिच्या विवाहपोशाखाचे काम तिच्याकडे आले आणि तिचे नाव झाले. ही राजकन्या दोन सिसिलींच्या राजघराण्यातली होती. पुढे झानचे सारे कर्तृत्व त्याच सिसिलीत घडावे, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी तिची ओळख झाली. १८१८ मध्ये मेसिना येथे त्यांचा विवाह झाला आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे ती तिथेच राहिली. पोटापाण्यासाठी सुई हातात धरण्याची गरज आता उरली नव्हती. श्रीमंत व्यापाऱ्याच्या पत्नीने दिवाणखाना सजवावा, पाहुण्यांची ऊठबस करावी, अशी त्या काळाची अपेक्षा. झान मात्र बेटभर हिंडू लागली. वनस्पती, फुलपाखरे, शिंपले, जीवाश्म, खनिजे असे जे दिसेल ते तिने गोळा केले, त्यांची नावे शिकून घेतली, नोंदी ठेवल्या. घरात तिने दोन मार्टेन, म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचे दोन शिकारी प्राणी पाळले होते आणि त्यांच्या सवयींवरही तिने लिहिले. निसर्गविज्ञान ती कोणा गुरूकडे शिकली नाही. ते तिने स्वतःच्या चिकाटीने कमावले.

मेसिना या कामासाठी किती सोयीचे होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सिसिली आणि इटलीची मुख्य भूमी यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुनीत भरती-ओहोटीचे प्रवाह अतिशय वेगाने वाहतात. खोल समुद्रातले पाणी त्यामुळे वर ढवळून येते, आणि एरवी कोणाच्या दृष्टीस न पडणारे जीव त्यासोबत किनाऱ्याला लागतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ मेसिनाची वाट धरत ते याच कारणाने. पण ते येत, नमुने अल्कोहोलमध्ये बुडवत आणि परत जात. झान तिथे राहत होती, आणि हा फरक निर्णायक ठरला.

आता वादाचा विषय. आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा एक प्रकार आहे; त्याला कागदी नॉटिलस असेही म्हणतात. इतर ऑक्टोपसांना बाहेरचे कवच नसते. आर्गोनॉट मात्र एका सुंदर, पांढऱ्या, कागदासारख्या पातळ, नागमोडी रेषांच्या शंखात बसलेला आढळतो. त्याच्या आठ भुजांपैकी दोन भुजांच्या टोकाला रुंद पडदे असतात. ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की हा प्राणी समुद्राच्या पृष्ठभागावर येतो, पडद्यांचे शीड उभारतो, उरलेल्या भुजांची वल्ही करतो आणि आपली होडी हाकतो. चित्र इतके मोहक होते की दोन हजार वर्षे कवी आणि चित्रकार तेच गिरवत राहिले. ग्रीक पुराणातल्या आर्गो नावाच्या जहाजावरील खलाशांचे नावही त्याला त्यातूनच मिळाले.

प्राणिशास्त्रज्ञांपुढची अडचण मात्र वेगळी होती. गोगलगाईचे किंवा शिंपल्याचे शरीर कवचाला स्नायूंनी घट्ट जोडलेले असते. आर्गोनॉटचे तसे नसते. त्याला शंखातून अलगद बाहेर काढता येते. शरीर आणि शंख यांच्यात कोणताही सांधा सापडत नाही. मग हा शंख त्याचा स्वतःचा कशावरून? रिकाम्या शंखात घुसून राहणारा खेकडा सर्वांना ठाऊक होता. आर्गोनॉटही तसाच उपरा असावा, एखाद्या अज्ञात प्राण्याला मारून किंवा हुसकून त्याच्या घरात राहत असावा, असे मोठमोठ्या विद्वानांचे मत होते. पॅरिसचा नामवंत प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हिल हा या पक्षाचा खंदा पुरस्कर्ता. त्या कल्पित मूळ मालकाला मात्र कोणीही कधी पाहिले नव्हते.

हा वाद संग्रहालयात बसून सुटणार नव्हता. मेलेला, दारूत मुरलेला नमुना चोर आहे की घरधनी, हे सांगणार कसे? प्राणी जिवंत हवा, दिवसेंदिवस डोळ्यांसमोर हवा आणि त्याच्या कवचाला हात लावून पुढे काय घडते ते पाहता आले पाहिजे. तेवढे झाले की प्रश्न सोपा होता. अवघड होते ते एवढेच करणे.

झानने १८३२ पासून यासाठी तीन तऱ्हेची साधने तयार केली. पहिले म्हणजे घरात ठेवायची काचेची टाकी, आजच्या मत्स्यालयाची थेट पूर्वज. दुसरे म्हणजे उथळ पाण्यात सोडायचे, बाहेरून पिंजऱ्याने संरक्षित केलेले काचेचे पात्र; प्राणी समुद्रातच राहील, पण हवे तेव्हा उचलून पाहता येईल अशी ही योजना. तिसरे म्हणजे नांगराने तळाशी रोवून ठेवायचा मोठा पिंजरा. तिच्या नावावरून हे पिंजरे ओळखले जाऊ लागले. या तिन्हींपैकी जगाने लक्षात ठेवली ती फक्त काचेची टाकी. प्रत्यक्षात ऑक्टोपसासारख्या प्राण्यासाठी दुसरी आणि तिसरी युक्ती अधिक शहाणपणाची होती, कारण त्यांत पाणी शिळे होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

पाणी शिळे होणे म्हणजे काय, हे ऑक्टोपसाच्या शरीररचनेवरून कळते. त्याला तीन हृदये असतात. त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त नव्हे, तर तांबेयुक्त प्रथिन करते, आणि ते आपल्या हिमोग्लोबिनइतके कार्यक्षम नसते. साहजिकच त्याला थंड, स्वच्छ आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. तो भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो. भ्याला तर शाई सोडतो. उघड्या समुद्रात ती वाहून जाते, बंद टाकीत मात्र ती त्याच्याच कल्ल्यांत अडकून त्याला घुसमटवू शकते. विजेचा पंप नसलेल्या काळात असा प्राणी पोसायचा म्हणजे समुद्र दाराशी हवा आणि रोज खपणारी माणसे हाताशी हवीत.

झानपाशी दोन्ही होते. कोळ्यांकडून जिवंत आर्गोनॉट मिळवून तिने ते सांभाळले, अंडी घातलेल्या माद्यांवर लक्ष ठेवले आणि वाढीचे टप्पे नोंदवले. मग तिने खरी कसोटी घेतली. जिवंत प्राण्यांच्या कवचाचे तुकडे तिने जाणूनबुजून तोडले. शंख परक्याचा असता तर फुटलेले भगदाड तसेच राहिले असते. तसे झाले नाही. आर्गोनॉटने पडदे असलेल्या त्याच दोन भुजा कवचावर पसरल्या, त्यांतून द्रव्य स्रवले आणि भगदाड बुजले. ॲरिस्टॉटलने ज्यांना शिडे मानले, ती शिडे नव्हती. ती गवंड्याची थापी होती. हे घर आर्गोनॉट स्वतः बांधतो आणि मोडले तर स्वतःच दुरुस्त करतो.

एक बारकावा तिच्या हाती लागला नाही, आणि तो लागणे शक्यही नव्हते. कवच बांधतात त्या फक्त माद्या. तिच्या टाकीतले सारे बांधकामगार स्त्रियाच होत्या. नर जेमतेम दोन सेंटिमीटरचा, बिनकवचाचा असतो आणि समागमाच्या वेळी त्याची एक भुजा तुटून मादीच्या शरीरात राहते. ही सुटी भुजा सापडली तेव्हा कुविएसारख्या थोर शास्त्रज्ञाने तिला परजीवी कृमी ठरवून १८२९ मध्ये तिचे नामकरणही करून टाकले होते. खरा नर कोणता, हे १८५३ मध्ये हाइनरिश म्युलरने दाखवले. घर आणि नवरा या दोन्ही बाबतींत आर्गोनॉटने युरोपातील विद्वानांची जितकी फजिती केली, तितकी क्वचितच कुणा प्राण्याने केली असेल.

झानने आपली निरीक्षणे १८३४ मध्ये कतानिया येथील अकादेमिया जोएनिया या विद्वत्सभेपुढे मांडली. या सभेने तिला सदस्यत्व दिले होते. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पण कतानियात सिद्ध झालेली गोष्ट पॅरिसला मान्य होईलच असे नव्हते. सांदेर राँग या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने १८३७ मध्ये आर्गोनॉटवर आपला लेख प्रसिद्ध केला, आणि त्यातले किती त्याचे व किती झानचे, यावरून श्रेयाचा वाद उभा राहिला. तिच्या बाजूने ठाम उभा राहिला तो लंडनचा रिचर्ड ओवेन. १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीपुढे त्याने तिचे नमुने आणि निष्कर्ष मांडले. त्या नमुन्यांत वेगवेगळ्या वयाचे आर्गोनॉट होते, दुरुस्त केलेली कवचे होती. परजीवीपणाच्या मताला त्यानंतर उतरती कळा लागली. ओवेन पुढे डार्विनचा कडवा विरोधक म्हणून बदनाम झाला, आणि इतरांचे श्रेय लाटल्याचे आरोपही त्याच्यावर झाले. या प्रकरणात मात्र त्याने एका स्वयंशिक्षित स्त्रीला तिचे माप पदरात घातले, हे नोंदवायला हवे.

मग घात झाला. झानचा संग्रह, त्यासोबतचे कागद आणि रेखाटने यांच्या पेट्या सिसिलीहून जहाजाने लंडनला रवाना झाल्या होत्या. ते जहाज वाटेत बुडाले. वर्षानुवर्षे वेचलेले सारे समुद्राने परत घेतले. १८४३ मध्ये पॉवर दांपत्याने सिसिली सोडली आणि ती दोघे पॅरिस व लंडन येथे राहू लागली. त्यानंतरही झानने लिहिले, जुनी निरीक्षणे पुन्हा छापली. त्यांत एक निरीक्षण फार मोलाचे आहे. मोठा शिंपला मिटू नये म्हणून साध्या ऑक्टोपसाने संधी साधून त्याच्या दोन झडपांत दगड अडकवला आणि आतले मांस खाल्ले, असे तिने लिहिले. प्राणी साधने वापरतात या विषयावरील आजच्या चर्चेतही या नोंदीचा उल्लेख येतो. पण मेसिनाच्या दिवसांतली प्रयोगांची धार पुढे दिसत नाही. तिचे शेवटचे दिवसही धामधुमीत गेले. प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला त्या हिवाळ्यात, जानेवारी १८७१ मध्ये, ती आपल्या जन्मगावी झुइयाक येथे वारली. ती राहिली ते मेसिना शहरही १९०८ च्या भूकंपात जवळपास जमीनदोस्त झाले.

काचेची टाकी मात्र दुसऱ्याच वाटेने घराघरांत शिरली. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज स्त्रीने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले आणि ते जगावे म्हणून समुद्राचे पाणी रोज एका भांड्यातून दुसऱ्यात ओतण्याचा सपाटा लावला. हे कष्ट अर्थातच घरातल्या मोलकरणीचे. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की पाणवनस्पती, मासे आणि गोगलगाई यांचा मेळ बसला तर पाणी वारंवार बदलावे लागत नाही. काचेवरचा कर १८४५ मध्येच उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉसच्या पुस्तकाने ‘अक्वेरियम’ हा शब्द रूढ केला आणि इंग्रज मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत समुद्राची लाट आली. किनारे ओरबाडले गेले, आणि त्याचे दुःख गॉसच्या कुटुंबालाच पुढे सोसवेनासे झाले. या लाटेत झानचे नाव बुडून गेले. ओवेनने १८५८ मध्ये शोधाचे श्रेय तिला दिले होते, तरी लोकांच्या तोंडी गॉस आणि वॉरिंग्टन हीच नावे राहिली.

ऑक्टोपसाला सार्वजनिक आकर्षण बनवले ते व्हिक्टर ह्यूगोने. १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सागरी कादंबरीत नायकाची एका राक्षसी ऑक्टोपसाशी झुंज होते. हद्दपारीत तो गर्न्सी बेटावर राहत होता. तिथल्या बोलीतला ‘प्येव्र’ हा शब्द त्याने वापरला आणि तो फ्रेंच भाषेत कायमचा रुळला. सैतानी माशाला प्रत्यक्ष पाहण्यासाठी लोक मत्स्यालयांत गर्दी करू लागले. १८७२ मध्ये उघडलेल्या ब्रायटनच्या मत्स्यालयात हेन्री ली हा निसर्गतज्ज्ञ काम करत होता. शेजारच्या टाकीतले लम्पसकर मासे एकेक करून नाहीसे होत असल्याचे तिथे लक्षात आले. चोर सापडला तो एका सकाळी: ऑक्टोपस रात्री भिंत ओलांडून शेजाऱ्याकडे जेवायला जात होता आणि एरवी उजाडण्यापूर्वी परतत होता. त्या दिवशी त्याला परतायला उशीर झाला. लीने १८७५ मध्ये या प्राण्यावर छोटेखानी पुस्तक लिहिले आणि ह्यूगोच्या अतिशयोक्तीची चांगलीच हजेरी घेतली.

भिंत ओलांडणारा हा ऑक्टोपस त्या जातीचा प्रतिनिधीच म्हणावा लागेल. शरीरात हाड नाही. चोच जिथून जाईल तिथून सारा देह जातो. १९५९ मध्ये पीटर ड्यूजने नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्रात तीन ऑक्टोपसांना दांडा ओढून खाद्य मिळवायला शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यांची नावे आल्बर्ट, बर्ट्रम आणि चार्ल्स. पहिले दोघे गुणी निघाले. चार्ल्सने दांडा मोडला, वरचा दिवा पाण्यात ओढण्याचा उद्योग चालू ठेवला आणि प्रयोग करणाऱ्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. शास्त्रीय नियतकालिकात छापलेला हा अहवाल एखाद्या त्रासलेल्या शिक्षकाने लिहिल्यासारखा वाटतो. २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या नेपियर येथील मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या झाकणाला राहिलेल्या फटीतून निसटला, जमीन ओलांडून सांडपाण्याच्या नळात शिरला आणि समुद्राला मिळाला.

अशा प्राण्याला केवळ वस्तू मानणे कायद्यालाही कठीण होत गेले. ब्रिटनने १९९३ मध्ये प्रयोगांतील प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा साध्या ऑक्टोपसाला लागू केला. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याला असे संरक्षण मिळण्याची तिथली ही पहिलीच वेळ. युरोपीय संघाने २०१० च्या निर्देशात साऱ्या शीर्षपाद प्राण्यांना सामावून घेतले. त्यांना वेदना जाणवतात, हे ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्याने मान्य केले. झानने कवच तोडले तेव्हा हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता. कवच तोडल्याशिवाय तिचा सिद्धान्त सिद्ध होत नव्हता, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्यावाचून तिच्या कामाचे नीट मोल करता येत नाही.

आज हौशी पालक मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा दोन ठिपक्यांचा ऑक्टोपस निवडतात. एकट्या प्राण्याला किमान दोनशे लिटरची टाकी, पाणी गार ठेवणारे यंत्र, तांब्याचा अंशही नसलेले पाणी, जिवंत खेकडे आणि कुलूपबंद झाकण एवढा सरंजाम लागतो. एवढे करूनही त्याचे आयुष्य एक-दोन वर्षांचे. मादीने अंडी घातली की ती खाणे सोडते, अंड्यांवर पाणी फुंकत त्यांची राखण करते, आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास मरते. माणसाचा चेहरा ओळखू लागलेला, झाकण उघडताच वर येणारा प्राणी पालकाच्या डोळ्यांदेखत असा विझतो. कोकणच्या मासळीबाजारात मिळणारी माकूळ या ऑक्टोपसाचीच चुलत बहीण. तिचे आयुष्यही असेच आखूड असते. मात्र तिच्यात जीव लावायची वेळ सहसा कोणावर येत नाही.

झानचे नाव १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरील एका विवराला देण्यात आले. तिच्या आर्गोनॉटचे एक कोडे मात्र त्यानंतरही शिल्लक होते: कवच अंड्यांसाठी असते हे खरे, पण कवचात हवा का सापडते? टाकीतल्या प्राण्यांकडे पाहून ती हवा अपघाताने अडकली असावी, असे अनेकांना वाटे. २०१० मध्ये ज्युलियन फिन आणि मार्क नॉर्मन यांनी जपानच्या समुद्रातील एका बंदरात जिवंत माद्या मोकळ्या सोडल्या आणि स्वतः पाण्यात उतरून पाहिले. मादी पृष्ठभागावर येते, कवचात हवा भरून घेते, भुजांनी तोंड बंद करते आणि हवेचा दाब जिथे तिचे वजन नेमके तोलून धरेल तेवढ्या खोलीपर्यंत बुडी मारते. ॲरिस्टॉटलने तिला पृष्ठभागावर पाहिले होते ते बरोबरच होते. ती तिथे शीड उभारायला नव्हे, हवा घ्यायला आलेली असे. आणि हे कळले ते टाकीत नव्हे, बंदरातल्या खुल्या पाण्यात, झानने जिथे आपले पिंजरे सोडले होते तशाच.